‘भारत जारी झाला’ : साताऱ्यातल्या एका अरबी वाचनाचं प्रकरण

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सदर बझारातली एक मुलगी माझ्याकडे आली. बाहेरगावच्या विद्यापीठात अरबीच्या एम. ए.च्या पहिल्या वर्षाला. तिचे वडील आणि मी एकाच काळात दुबईत होतो. ते गोदामात, मी आयात-निर्यातीच्या कागदांचं भाषांतर करणाऱ्या कचेरीत. त्या ओळखीवर ती मला काका म्हणते. तिचं नाव इथे देत नाही, बाकीची हकीकत तिला विचारूनच लिहितोय. ती जिथे अडली होती तिथे पुष्कळजण अडतात, आणि त्यांना सांगितला जाणारा उपाय बहुतेक वेळा चुकलेला असतो, असं माझं मत आहे.

अडण्याची जागा म्हणजे मधल्या पायरीचा वरचा टप्पा. व्याकरण एकदा करून झालेलं असतं. क्रियापदांचे दहा प्रकार तोंडपाठ, पाठ्यपुस्तकातले स्वरचिन्हं लावलेले उतारे सहज वाचता येतात. मग अचानक समोर वर्तमानपत्र येतं. तिच्या वाचनाच्या पेपरात गुण काठावर आले होते आणि उत्तरपत्रिकेवर शेरा होता, ‘शब्दसंग्रह वाढवा’. मुलगी कष्टाळू. तिने दोन जाडजूड वह्या शब्दांनी भरल्या, रोज पाठ केल्या. पुढच्या चाचणीत गुण होते तिथेच राहिले.

‘काका, मला वाचता येतं हो,’ ती म्हणाली. ‘वाचून झाल्यावर हातात काही राहत नाही.’

मी ते तेव्हा मनावर घेतलं नाही. खरं तर सगळं निदान त्या दोन वाक्यांत होतं.

पहिल्या दिवशी मी तिला आखाती बाजारातल्या भारतीय फळांवरची नऊ ओळींची बातमी दिली. पहिलं वाक्य सोपं होतं. भारताने आखाती बाजारपेठांत मोठ्या प्रमाणात द्राक्षं निर्यात केली, एवढंच. अरबी वाक्यात क्रियापद बहुधा आधी येतं, त्यामुळे पहिलाच शब्द ‘निर्यात केली’ हा. पण छापलेली अक्षरं किती? साद, दाल, रे, ते. चार. अरबी छपाईत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, आणि अक्षर दुप्पट होतं त्याची खूणही, जिला शद्दा म्हणतात, बहुतेकदा गाळतात. म्हणजे हीच चार अक्षरं ‘सदरत’ अशी वाचता येतात, अर्थ ‘जारी झाली, निघाली’. किंवा ‘सद्दरत’, अर्थ ‘निर्यात केली’.

तिने ओठ हलवत वाचलं, ‘सदरत अल-हिंदु…’ आणि थांबली. ‘भारत… जारी झाला?’

मला हसू आलं. यायला नको होतं. शब्द तिला माहीत होता, दोन्ही अर्थांनी, वहीत वेगवेगळ्या पानांवर. अडचण शब्दांच्या संख्येची नव्हतीच.

नंतर मी फक्त ती वाचते कशी ते पाहत बसलो. पेन्सिल घेऊन ती प्रत्येक शब्दावर जेर, जबर, पेश, म्हणजे ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, लावत होती. शेवटच्या अक्षराचा विभक्तीचा स्वरसुद्धा. शब्द पूर्ण सजल्याशिवाय पुढच्या शब्दावर जायची नाही. नऊ ओळींना चाळीस मिनिटं लागली आणि शेवटी तिला बातमी कशाबद्दल आहे ते सांगता आलं नाही.

हे कुठून आलं ते विचारल्यावर लगेच कळलं. लहानपणी ती मकतबमध्ये, म्हणजे मुलांच्या धार्मिक शाळेत, कुराण वाचायला शिकली होती, आणि चांगली शिकली होती. कुराणाच्या छापील प्रतीत प्रत्येक स्वर लिहिलेला असतो. डोळ्याने पाहावं, तोंडाने म्हणावं. अर्थ कळला नाही तरी उच्चार शुद्ध येतो, तिथे तेच शिकवलेलं असतं आणि त्या कामाला ते योग्यच आहे. वर्तमानपत्रात मात्र क्रम उलटा. तिथे आधी कळावं लागतं, मग वाचता येतं. ‘सदरत’ की ‘सद्दरत’ हे पुढे ‘द्राक्षं’ दिसल्यावर ठरतं. पहिल्या शब्दावर स्वर लावण्याचा हट्ट धरला की उत्तर समोर असूनही तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तोवर चुकीचा अर्थ डोक्यात घट्ट बसलेला असतो.

ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द तोडलेले नसतात, तरी जुन्या दफ्तरांचा जाणकार कागद भराभर वाचतो. त्याला पत्र कशाचं आहे ते पहिल्या दोन ओळींत कळलेलं असतं, पुढचं तो अक्षरं लावत वाचत नाही, ओळखत जातो.

आता माझी चूक. निदान झालं होतं, तरी मी तिला तीन आठवडे स्वर लावण्याचेच उतारे दिले. अरबीत त्याला तश्कील म्हणतात. वाटलं, सराव वाढला की वेगही येईल. विद्यापीठातही परीक्षेत तेच मागतात, म्हणून मलाही तीच वाट सुरक्षित वाटली. झालं असं, की जी सवय मोडायची तिचाच तिने रियाज केला. नोव्हेंबरच्या शेवटी तिचे स्वर आधीपेक्षा अचूक लागत होते आणि आकलन जिथल्या तिथे.

तहसील कचेरीतला बाक

डिसेंबरात तिला उत्पन्नाचा दाखला हवा होता आणि माझं एका फेरफाराच्या नकलेचं काम होतं. दोघं तहसील कचेरीत गेलो. रांग मोठी होती, आम्ही बाकावर बसलो. समोर भिंतीवर पाट्या. वेळ घालवायचा म्हणून मी म्हणालो, ‘वाच.’

‘काय वाचू? मराठीच आहे.’

‘तहसील. महसूल. यातली तीन अक्षरं काढ.’

ती पाहत राहिली. मी फॉर्मच्या मागे लिहून दाखवलं. हे, साद, लाम. या तीन अक्षरांत ‘हाती येणं, मिळणं’ हा गाभा. मिळतं ते हासिल. मिळवलेलं, गोळा झालेलं ते महसूल. गोळा करण्याची क्रिया ती तहसील. तिन्ही शब्द या इमारतीत रोज वापरले जातात आणि तिन्ही अरबी आहेत, फारसीच्या हातून आपल्याकडे आलेले. मग दाखला, दाखल, दखल. तिथेही तीनच अक्षरं, दाल, खे, लाम, ‘आत जाणं’.

अरबीत धातू तीन अक्षरांचा आणि त्याभोवती ठरावीक साचे, हे तिने अगदी सुरुवातीलाच शिकलं होतं. व्याकरणाच्या पेपरात त्यावर तिला चांगले गुणही होते. पण ते ज्ञान एका खणात आणि वाचन दुसऱ्या खणात. तहसील कचेरीच्या बाकावर ते पहिल्यांदा एकत्र आलं, कारण तिथे तिला अर्थ आधीच माहीत होता. फक्त साचा ओळखायचा होता.

‘तहसीलसारखा आणखी कोणता?’ मी विचारलं.

ती पुटपुटायला लागली. ‘तपशील…?’ बरोबर, मूळ तफसील. ‘तजवीज.’ तीही. ‘तालीम.’ तालीम म्हणजे आपल्याला लाल माती आणि लंगोट आठवतो, खाशाबा जाधवांच्या जिल्ह्यात दुसरं काय आठवणार, नाहीतर नाटकाची तालीम. अरबीत ती नुसती ‘शिकवणं’. ऐन, लाम, मीम. यातलं ऐन आपल्या घशाला झेपत नाही म्हणून मराठीत ते गळलं, तालीममध्येही, मालूममध्येही.

मग मी ती बातमी पुन्हा काढली. ‘निर्यात’ला नाम काय असेल याच साच्यात? साद, दाल, रे.

‘तसदीर.’

‘आणि तू राहतेस कुठे?’

सदर बझार. तेच साद-दाल-रे. सद्र म्हणजे छाती, पुढचा भाग, म्हणून वाड्याची सदर आणि गावाचा मुख्य बाजार. बाहेर निघणं ते ‘सदर’ क्रियापद, बाहेर काढणं म्हणजे निर्यात ‘सद्दर’. उगमाला मस्दर म्हणतात, आणि गंमत म्हणजे अरबी व्याकरणात क्रियावाचक नामालाही मस्दरच म्हणतात. जन्मापासून ती ज्या पत्त्यावर राहते तो तिच्या वहीत तीन वेगळ्या पानांवर तीन अनोळखी शब्द म्हणून पाठ केलेला होता.

(साताऱ्यात बसून हे करताना एक आठवण होतेच. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो असल्याच शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. काही पर्याय रुळले. महसूल मात्र हलला नाही. आणि ‘रयत’सुद्धा अरबीच, मूळ अर्थ राखलेला कळप, राखणाऱ्याच्या जबाबदारीतली माणसं. १९१९ साली काल्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी संस्था काढली तेव्हा तो शब्द इतका आपला झाला होता की कुणाला परका वाटायचं कारणच नव्हतं.)

पेन्सिल काढून घेतली

जानेवारीत ती विद्यापीठात परतली. तिथून पुढे आठवड्यातून दोनदा फोनवर, आणि महिन्याकाठी ती साताऱ्याला आली की समोरासमोर. पद्धत अशी ठरवली.

पहिल्या वाचनात पेन्सिल नाही. ओठ हलू नयेत म्हणून तोंडात लवंग धरायची. हा माझा शोध नव्हे, आमच्या कचेरीतला एक सुदानी सहकारी नवख्यांना खजुराची बी धरायला लावायचा. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं शोधायची आणि कुणी केलं ते पाहायचं. स्वर लावायचे ते तिसऱ्या फेरीत, सगळं कळल्यानंतर, परीक्षेपुरते.

क्रियापद शोधताना एक वेगळीच भानगड निघाली, आणि ती मराठीची होती. ती अरबीत लिहायची ‘कतबत अल-वलद रिसाला’, मुलाने चिठ्ठी लिहिली. ‘कतबत’ हे स्त्रीलिंगी रूप. मुलगा पुल्लिंगी, तर ‘कतब’ हवं. बाकीचं लिंग तिचं सहसा चुकत नसे, मग हेच का? विचार केल्यावर लक्षात आलं. आपण म्हणतो ‘मुलाने चिठ्ठी लिहिली’. आपल्या भूतकाळात क्रियापद कर्माशी जुळतं. अरबीत रिसाला स्त्रीलिंगी आहे, म्हणून तिचा हात आपोआप ‘लिहिली’ लिहीत होता. हे कोणत्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, कारण इंग्रजी बोलणाऱ्याची ही चूक होतच नाही.

उलट बाजूने ‘शहिदत अल-अस्वाक’. बातम्यांत हे नेहमी येतं, ‘बाजारांनी पाहिलं’, म्हणजे बाजारात अमुक घडलं. शेवटी ‘त’ दिसला की ती वाक्यात एखादी बाई शोधायची. पण अरबीत माणूस नसलेल्या वस्तूंचं अनेकवचन स्त्रीलिंगी एकवचनासारखं चालतं. बाजार अनेक, क्रियापद ‘तिने पाहिलं’. आणि कर्ता माणसं असतील, पण क्रियापदानंतर येत असतील, तर ती शंभर असली तरी क्रियापद एकवचनीच. हे दोन नियम पाठ होते, डोळ्यांत नव्हते. दोन आठवडे आम्ही दुसरं काही केलं नाही. बातमी घ्यायची, प्रत्येक ‘त’चा मालक शोधायचा, सोडून द्यायची.

कोशाचंही तेच. ती मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये छापलेला शब्द जसाच्या तसा टाकायची, पाच-सहा अर्थ यायचे, पहिला उचलायची. मी तिला माझा हान्स वेअर दिला. या जर्मन विद्वानाचा कोश मुळात १९५२ चा, इंग्रजी रूप १९६१ चं, आणि शब्द धातूनुसार लावलेले. महसूल शोधायचा तर मीमखाली नाही, हे-साद-लामखाली. धातू ओळखल्याशिवाय पानच सापडत नाही, हाच त्याचा फायदा. अ‍ॅप शब्द सांगतं, हा कोश कुटुंब दाखवतो.

इथे मराठी मदतीला येते तशी आडवीही येते. आपला ‘ज’ एक. त्यामागे, खुद्द जीम सोडूनही, अरबी अक्षरं चार. जप्तमध्ये दाद, जाहीरमध्ये झो, मजकूरमध्ये झाल, जकातीत झे. ‘स’ही तसाच. सबबमध्ये सीन, महसुलात साद, वारसात से. कानाला सगळे सारखे, कोशात पानं निरनिराळी. यासाठी तिने भिंतीवर एक तक्ता लावला, खोलीतल्या मैत्रिणीला तो तलाठी परीक्षेचा वाटला.

काही धातू तर लपूनच बसतात. ‘इत्तिसालात’, दळणवळण, हा शब्द ती ते-साद-लामखाली शोधत राहिली. तसा धातू तिथे नाही. मूळ वाव-साद-लाम, पोचणं, ज्यातून आपलं ‘वसूल’ आलं. क्रियापदाच्या आठव्या प्रकारात वाव पुढच्या ‘त’मध्ये विरघळतो. तिच्या वडिलांनी अकरा वर्षं एतिसालात या तिथल्या टेलिफोन कंपनीच्या कार्डावरून घरी फोन केले होते, म्हणून हा एक धातू तिच्या कायमचा लक्षात राहिला. बाकीच्यांना अशी सोय नाही.

औषधाची बाधा

फेब्रुवारीअखेर वेग आला. अडीचशे शब्दांची बातमी अर्ध्या तासात, कोश सात-आठ वेळा. मी खूश होतो. मग तिने एक भाषांतर पाठवलं. अरबी देशांतल्या बेरोजगारीवरचा लेख, त्यात ‘फुर्सत अमल’. तिने लिहिलं, ‘तरुणांना कामातून फुरसत मिळत नाही.’

अर्थ होता, तरुणांना नोकरीची संधी मिळत नाही. अरबीत फुर्सा म्हणजे संधी. आपल्याकडे येता येता ती रिकामा वेळ झाली.

दोष माझा. साताऱ्यातल्या पाट्या दाखवून मी तिला ओळखीचे चेहरे पाहायला शिकवलं, ओळखीच्या चेहऱ्याची माणसं परकी असू शकतात हे सांगायचं राहिलं. गरीब अरबीत विचित्र, परका. तय्यार म्हणजे वैमानिक. जिल्ह्याचं मूळ ‘दिलअ’, बरगडी. इसम म्हणजे नुसतं नाव, पोलिसांच्या ‘सदर इसम’मधला माणूस अरबीत नाहीच. सर्वांत फसवी जोडी मुलाखत आणि मुकाबला. अरबीत मुलाकात म्हणजे भेट, आणि नोकरीची मुलाखत असते ती मुकाबला. (ज्यांनी दिली आहे त्यांना अरबांचं बरोबर वाटेल.) तिने शब्दांच्या जुन्या दोन वह्या बाजूला ठेवल्या आणि तिसरी, पातळ, काढली. तीत फक्त असले फसवे शब्द.

नियम एवढाच ठरला, की मराठी शब्दाने धातू आणि साचा ओळखायचा, अर्थ वाक्यालाच विचारायचा. एप्रिलपर्यंत तो अंगवळणी पडला, पूर्ण नाही. मधूनच फुरसत डोकावते.

मे महिन्यात परीक्षा झाली. वाचनाच्या पेपरात ती पहिल्या काहीजणांत आली. उतारा पाण्याच्या टंचाईवर होता, निम्मे शब्द अनोळखी होते आणि तिला त्याची भीती वाटली नाही, हे मला गुणांपेक्षा महत्त्वाचं वाटलं. मोठ्याने वाचायच्या भागात विभक्तीचे स्वर तीन-चार ठिकाणी चुकले. पूर्वी ते चुकत नसत. हा तोटा मी हिशेबात धरला आहे. ज्यांना अरबीचं अध्यापन करायचं आहे त्यांनी तो इतक्या सहज स्वीकारू नये.

इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था अरबीला सर्वांत अवघड गटात टाकते, ८८ आठवडे, २२०० तास. आपल्याकडची मुलं हा आकडा वाचून घाबरतात. तो आपला आकडा नव्हे. आपला कमी असेल असंही मी म्हणत नाही. तास वेगळ्या ठिकाणी खर्ची पडतात, एवढं या प्रकरणात दिसलं. साचे आपल्याला लवकर दिसू शकतात, चार ‘ज’ आणि ‘लिहिली’ची सवय मात्र वेळ खाते.

ऐकण्याचं अजून झालेलं नाही. लिहिण्याची अरबी, फुसहा, सगळीकडे जवळपास एक, बोलण्याची दर देशात निराळी. विद्यापीठात तिने फुसहा शिकली, आणि घरी वडिलांकडून गोदामातली आखाती खिचडी ऐकली. वडिलांचं आवडतं वाक्य ‘माफी मालूम’. माहीत नाही, या अर्थाने ते आखातातले आपले सगळेच कामगार म्हणतात. जूनमध्ये ती घरी होती तेव्हा जेवताना तिने त्यांना सांगितलं, ‘अब्बा, मा फी म्हणजे नाही आहे. आणि मालूम हा महसूलच्याच साच्यातला.’

‘मग मी बरोबर बोलत होतो की.’

‘नाही. “ला आरिफ” म्हणायचं असतं.’

‘ते म्हटलं असतं तर मुकादमाला कळलं नसतं,’ ते म्हणाले, आणि यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. मुकादमही अरबीच, पुढे केलेला माणूस, पण त्या गोदामातला मुकादम मलबारी होता.

सध्या ती रोज दहा मिनिटांचं बातमीपत्र ऐकते, आधी ती बातमी वाचून घेते, मग कान लावते. पहिल्या आठवड्यात फक्त देशांची नावं आणि आकडे कळले. काल फोनवर म्हणाली, क्रियापदं ऐकू यायला लागलीत, कर्ता अजून निसटतो.